टिटवीचा हंगामी पास

एका जंगलात, मुलांनो, वाघापेक्षा चेंडूला जास्त मान होता.

वाघ आला की प्राणी पळायचे. चेंडू आला की प्राणी धावायचे. दोन्हींत पाय तेच लागतात, पण तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतात.

त्या जंगलाचं नाव मोहवन. मोहाची झाडं पुष्कळ, म्हणून मोहवन. झाडांच्या मधोमध एक मोकळा माळ होता. माळाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन वारुळं होती. गुळवेलीचा घट्ट विणलेला चेंडू पायाने नाहीतर नाकाडाने ढकलत न्यायचा आणि समोरच्या दोन वारुळांमधून पार करायचा. पार झाला की गोल. चेंडू हाताने उचलायचा नाही, हा नियम माकडांसाठी होता. वारूळ खायचं नाही, हा नियम अस्वलासाठी होता. बाकीच्यांसाठी नियम करायची कधी वेळच आली नाही.

कडुनिंब फुलला की सामने सुरू व्हायचे. आसपासच्या जंगलांतले संघ यायचे. सामना पाहायला कोणीही यावं. रीत एकच होती. येताना माळावरचा एक खडा उचलायचा आणि कडेला नेऊन टाकायचा. खेळणाऱ्यांच्या पायांना टोचू नये म्हणून. रानडुकराने धोंडा ढकलावा, मुंगीने वाळूचा कण न्यावा. ज्याची त्याची ताकद. असे खडे उचलता उचलता कित्येक पिढ्या गेल्या. माळ तळहातासारखा साफ झाला आणि मोहवनच्या गोलामागे खड्यांचा मोठा ढीग उभा राहिला.

त्या ढिगावर येसू टिटवी उभी राहायची. तिच्याआधी तिची आई उभी राहायची, आईच्या आधी आजी.

टिटवी पाहिली आहे ना तुम्ही? लांब पिवळे पाय, डोळ्यापाशी लाल कातडं आणि आवाज असा की झोपलेलं रान जागं व्हावं. ती झाडावर बसत नाही. घरटंही बांधत नाही. उघड्या माळावर चार खडे बाजूला सारते आणि तिथेच अंडी घालते. आणि झोपते ती पाय वर करून. का, तर आभाळ कोसळलं तर तोलायला कोणीतरी हवं ना!

यावरून सगळं जंगल टिटव्यांना हसायचं. पण मुलांनो, आभाळ अजून वरच आहे, हेही आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

मोहवनचा गोल राखायचा दगडू अस्वल. अंगाने एवढा थोरला की दोन वारुळांमधली निम्मी जागा त्याच्या पोटानेच भरायची. त्याच्यासारखा गोलरक्षक साऱ्या मुलखात नाही, असं म्हणत. चेंडू डावीकडून येवो, उजवीकडून येवो, दगडूदादाची झेप ठरलेली.

आता एक गुपित सांगते. दगडूदादाला चेंडू दिसत नव्हता.

अस्वलांची नजर अधूच असते. त्याची जरा जास्तच अधू होती. समोरचा रानडुक्कर त्याला करवंदीच्या जाळीसारखा दिसे आणि करवंदीची जाळी रानडुकरासारखी. पण येसूने एकदा चेंडू डावीकडून येताना पाहिला आणि न राहवून ओरडली. दगडूदादाने आवाजावर झेप घेतली. चेंडू नेमका त्याच्या पोटावर येऊन आपटला.

तेव्हापासून दोघांचं ठरलं. चेंडू डावीकडून आला की येसू एकदा ओरडायची, उजवीकडून आला की दोनदा. लोकांना वाटे, टिटवीच ती, ओरडायचीच.

सामना संपला की दगडूदादा ढिगापाशी येऊन बसायचा. अंगावरची धूळ झटकायचा आणि हळूच विचारायचा, "येसू, जिंकलो का गं?"

मग येसू त्याला अख्खा सामना सांगायची. कोण कसा पळाला, कोण कसा आपटला, सशाने रानडुकराच्या पोटाखालून चेंडू कसा काढला. दगडूदादा डोळे मिटून ऐकायचा आणि मधूनच म्हणायचा, "असं? आणि मग मी काय केलं?"

स्वतः खेळलेला एकही सामना त्याने पाहिला नव्हता. पण येसूच्या तोंडून ऐकलेला प्रत्येक सामना त्याला पाठ होता.

असं सगळं छान चाललं होतं. छान चाललेल्या गोष्टीत सुधारणा करायला कोणीतरी येतंच. इथे कोल्हा आला.

कोल्ह्याने वाघोबांना सांगितलं, "महाराज, माळावर एवढे प्राणी जमतात आणि त्यातून उत्पन्न शून्य! हे जंगलाचं नुकसान आहे."

वाघोबांनी एक डोळा उघडला, "बरं," म्हणाले आणि मिटला. अशा रीतीने कोल्हा माळाचा व्यवस्थापक झाला. त्या दिवसापासून त्याला कोल्हेसाहेब म्हणायचं ठरलं. कोणी ठरवलं? त्यानेच.

पहिल्या वर्षी कोल्हेसाहेबांनी हंगामी पास काढला. पळसाचं पान, त्यावर साहेबांच्या दाताची खूण. किंमत मोहाच्या फुलांचं एक चिपटं. मूठभर फुलं ती काय, सगळ्यांनी दिली. पुढच्या वर्षी चिपट्याचं मापटं झालं. सगळे कुरकुरले आणि सगळ्यांनी दिलं. चोचीचोचीने मापटं भरताना येसूची मान आखडली, पण तिनेही भरलं.

तिसऱ्या वर्षी मोह गळायला लागला आणि पोपट जंगलभर ओरडत फिरले. "पास एक पायली! पास एक पायली! जुन्या प्रेक्षकांना खास सवलत! आधी पैसे भरा!" पायली म्हणजे आठ मापटी, मुलांनो.

"अहो, यात सवलत कोणती?" येसूने नवऱ्याला विचारलं.

टिटवा अंड्यांवर बसला होता. तो म्हणाला, "आधी भरण्याची. नंतर भरायला मिळणार नाही, ही केवढी सवलत आहे!"

प्राणी चिडून कोल्हेसाहेबांकडे गेले. साहेबांनी सगळ्यांना बसवून घेतलं. गोड बोलले.

"तुम्हांला वाटतं, तुम्ही सामना पाहायला येता. चूक! सामना तर फुकटच आहे. तुम्ही अनुभव घेता. पैसे अनुभवाचे आहेत."

"पण अनुभव तर पूर्वीही यायचा," येसू म्हणाली.

"पूर्वी तो तसाच यायचा. आता तो आणावा लागतो." साहेब तिच्याकडे पाहून कौतुकाने हसले. "आणि येसूबाई, तुम्ही काळजी करावी? मनात आणलं तर टिटवी समुद्र आटवते, अशी म्हणच आहे. मग पायलीभर फुलं काय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण टाळ्या वाजवल्या.

मग चिंचेखाली प्रेक्षकांची सभा भरली. रखमाजी साळिंदर अध्यक्ष. सर्वांत जुना प्रेक्षक, बोलायला लागला की काटे ताठ व्हायचे, म्हणून पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवत.

"मित्रहो!" रखमाजी गरजला. "हा माळ कोणी साफ केला?"

"आम्ही!"

"खडे कोणी उचलले?"

"आम्ही!"

"मग पायली कोणी भरायची?"

"आम्ही!" मागून एक ससा ओरडला. ओघात गेलं त्याच्या तोंडून. त्याला खाली बसवण्यात आलं.

शेवटी सगळ्यांनी माळाची माती कपाळाला लावून शपथ घेतली. यंदा कोणीही पास घ्यायचा नाही. मोहाखाली फुलं वेचायलाही जायचं नाही. रिकाम्या माळासमोर कोल्हा एकटा बसेल, तेव्हा त्याला कळेल.

येसूने शपथ घेतली आणि पाळली. मोहाची फुलं टपटप गळत होती. पहाटेच्या वाऱ्यावर त्यांचा गोड वास यायचा. येसू आपली अंड्यांवर बसून राहायची.

"बाकीचे जातात हं वेचायला," टिटवा एकदा म्हणाला.

"छे हो. मातीची शपथ आहे."

"माती कपाळाला लावली होती. हाताला नव्हती लागली."

येसूला त्याचा राग आला. चांगल्या बायकांना नवऱ्याच्या खऱ्या बोलण्याचा राग येतोच.

पास वाटायचा दिवस उजाडला. कोल्ह्याची फजिती पाहावी म्हणून येसू माळाकडे गेली. पाहते तो काय! माळापासून ओढ्यापर्यंत रांग लागलेली. सगळ्यांत पुढे रखमाजी, पाठीवर काठोकाठ भरलेली पायली.

"रखमाजीभाऊ! तुम्ही?"

रखमाजी दचकला. "मी? मी पास घ्यायला नाही आलो. शपथ कोण कोण मोडतंय, ते पाहायला आलोय."

"मग ही पायली?"

"रिकाम्या हाताने रांगेत उभं राहिलं की संशय येतो."

त्याच्यामागे ठकू खार होती. ती येसूची शेजारीण. तिने मान खाली घातली. "काय करू गं येसू? मी पास नाही घेतला, तर सामना पाहायची माझी फांदी तरसाला देणार आहेत. साहेबांनी मला एकटीला कानात सांगितलं. माझ्या फांदीवर तरस! फांदी राहील का?"

तरसाचं साहेबांनी सगळ्यांनाच एकट्या-एकट्याला कानात सांगितलं होतं. तरसाला मात्र यातलं कोणीच काही सांगितलं नव्हतं. तोही आपला रांगेत शेवटी उभा होता. त्याच्या कानात म्हणे टिटवीचं नाव सांगितलं होतं.

येसू धावत मोहाखाली गेली. फुलं संपली होती. झाडाला नवी तांबूस पालवी फुटली होती आणि खालची जमीन झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती.

कडुनिंब फुलला. सामने सुरू झाले. माळाभोवती बांबूचे उंच तट्टे उभे राहिले. वरून उडत कोणी पाहू नये म्हणून साहेबांनी ससाणे नेमले. येसूच्या ढिगावर मऊ शेवाळ अंथरून दूरच्या जंगलातल्या बिबट्यांना बसवलं. बिबटे माळाकडे पाठ करून बसत, कारण एकमेकांची तोंडं त्या बाजूने छान दिसत. आरोळ्या ठोकायला पोपट ठेवले होते. चेंडू कुठेही असो, ते चारी बाजूंनी एकदम ओरडत. "वा! वा! मोहवन! वा! वा!"

पहिल्या सामन्याचा वृत्तांत येसूला ठकूने सांगितला.

"हरलो गं. सपाटून हरलो. दगडूदादाला काय झालंय कोण जाणे! चेंडू इकडे आणि हा तिकडे. एकदा तर आपल्याच सशाला पकडून पोटाशी धरून बसला. लोक ओरडले, तर याला वाटलं शाबासकी. ससा आणखी आवळला."

"आणि सामना संपल्यावर?" येसूने विचारलं.

"ढिगापाशी गेला होता. 'येसू, जिंकलो का गं?' म्हणाला. बिबट्या दात कोरत होता. म्हणाला, 'कोण येसू?'"

दुसऱ्या सामन्याला ती तट्ट्याबाहेर जाऊन उभी राहिली, बरोबर गोलामागे. दिसत काहीच नव्हतं. पण ऐकून ऐकून काढू अंदाज, असं तिने ठरवलं. बराच वेळ नुसतं 'वा! वा!' ऐकू येत होतं. अचानक डावीकडून पावलांचा धडधडाट झाला. आले! येसूने सगळा जीव गळ्यात आणला आणि एकदा ओरडली.

आत दगडूदादाचे कान टवकारले. येसू आली! त्याने डोळे मिटून, आनंदाने, सगळ्या अंगानिशी डावीकडे झेप घेतली.

मुलांनो, तो धडधडाट चेंडूचा नव्हता. डाव्या कोपऱ्यात मधात घोळवलेली करवंदं वाटायला सुरुवात झाली होती. सगळे बिबटे तिकडे धावले होते. चेंडू उजवीकडून अगदी सावकाश, गोगलगाईसारखा गडगडत आला आणि गोल झाला. दगडूदादा वारुळावर आदळला. वारूळ फुटलं. वाळवी बाहेर आली. दुःखाच्या भरात त्याने ती थोडी खाल्लीसुद्धा.

मग मात्र प्रेक्षक खवळले. पायली भरून आलेला प्रेक्षक मापटं भरलेल्या प्रेक्षकापेक्षा फार लवकर खवळतो.

"काढा त्याला!" रखमाजी ओरडला. "पायली काय याला वाळवी चारायला दिली?"

कोल्हेसाहेबांनी दोन्ही पंजे वर करून सगळ्यांना शांत केलं. "प्रेक्षकांची इच्छा ती माझी आज्ञा. पुढच्या सामन्यानंतर दगडूला दरवेशाकडे देऊ. खेळता येत नसेल, तर नाचता येईल."

दरवेशी म्हणजे माहीत आहे? अस्वलाच्या नाकात वेसण घालून त्याला गावोगाव नाचवणारा माणूस. जंगलात ते नाव काढलं की अस्वलांची पिल्लं रडायची थांबत.

येसू ओढ्यावर गेली. दगडूदादा पाण्यात पाय सोडून बसला होता.

"माझ्यामुळे झालं, दादा."

"नाही गं. तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. झेप तर चांगली होती ना?"

"झेप छान होती. चेंडू नव्हता."

"असू दे. एक सोडून सगळं जमलं म्हणायचं."

येसू त्याच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मी साहेबांना खरं सांगू का? तुझ्या डोळ्यांचं. माझ्या ओरडण्याचं. तुझं गुपित आहे, म्हणून विचारते."

दगडूदादाने नाकावरून पंजा फिरवला. वेसण जिथे घालतात, तिथूनच. "सांग. नाचायला तरी कुठे डोळे लागतात?"

येसूने घरी येऊन टिटव्याला विचारलं.

"मला वाटतं, कळलं की साहेब मला ढिगावर बोलावून घेतील. नाही का हो? माझ्यावाचून त्यांचं अडतंय, हे त्यांना ठाऊकच नाही."

"ठाऊक नाही तेच बरं आहे," टिटवा म्हणाला.

पण जिला आभाळ आपल्या पायांवर तोललंय असं वाटतं, ती अस्वल सावरायला जाणार नाही तर काय करणार? येसू गेली. कोल्हेसाहेबांना तिने पहिल्या आरोळीपासून सगळं सांगितलं. डावीकडे एकदा, उजवीकडे दोनदा.

साहेब ऐकता ऐकता सद्गदित झाले. त्यांनी शेपटीने डोळे टिपले.

"म्हणजे येसूबाई, इतकी वर्षं गोल तुम्हीच राखला?"

"राखला दादानेच. मी नुसती ओरडले."

"आणि हे सगळं फुकट?"

"फुकट कसं, साहेब? सामना पाहायला मिळायचा की."

"फुकट!" साहेब पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. येसूला वाटलं, हा पश्चात्ताप आहे.

दुसऱ्याच दिवशी माळावर सगळं जंगल बोलावलं. वाघोबासुद्धा आले आणि तिथे येऊन झोपले. साहेबांनी येसूला खड्यांच्या ढिगावर उभं केलं. पळसफुलांची माळ तिच्या गळ्यात घातली. ती तिच्या पायांपर्यंत आली.

"प्राणिहो, जिला आपण यःकश्चित टिटवी समजलो, ती मोहवनचे डोळे निघाली! लहानातला लहान जीवही मोठ्यांच्या उपयोगी पडतो, ते हे असं!"

ठकू खार रडली. रखमाजी रडला. तरस हसला, पण त्याचं तोंडच तसं आहे. दगडूदादा चुकीच्या दिशेला तोंड करून टाळ्या वाजवत होता.

"आता दर उतरणार बघ," रखमाजी ठकूच्या कानात म्हणाला. "प्रेक्षकाची किंमत कळली याला."

आणि खरंच कळली होती, मुलांनो.

"इतके दिवस," साहेब पुढे म्हणाले, "हा ढीग आपण एक साधी जागा समजत होतो. व्यवस्थापक म्हणून ही माझी चूक. मी जाहीर माफी मागतो. बाकीच्या जागांवरून सामना नुसता दिसतो. या जागेवरून सामना फिरवता येतो! अशी जागा साऱ्या मुलखात नाही. म्हणून आजपासून हिचं नाव 'मानाचा कट्टा'. आणि हिचा पास दोन पायल्या."

या वेळी टाळी कोणीच वाजवली नाही. मग पोपट म्हणाले, "वा! वा!"

"साहेब," येसू म्हणाली. माळेतून तिची नुसती चोच दिसत होती. "मला वाटलं होतं..."

"तुम्हांला प्राधान्य आहे, येसूबाई. तुम्ही नाही घेतला, तरच तो दुसऱ्याला जाईल. मग दगडूचं काय होईल, ते मात्र माझ्या हातात नाही. दरवेशाला निरोप गेला आहे." ते बाकीच्यांकडे वळले. "आणि बाकीच्यांसाठीही आनंदाची बातमी. टिटवीची खरी आरोळी आता प्रत्येक जागेवर ऐकू येईल. तिचं फक्त एक मापटं जास्त."

रखमाजीचे काटे ताठ झाले. पण पुढच्या दोन रांगांत बिबटे होते, म्हणून त्याने ते परत खाली घेतले.

येसू ढिगावरून उतरली आणि गोलापाशी गेली. तिच्या चोचीत एक फूलसुद्धा नव्हतं. "दादा, दोन पायल्या कुठून आणू रे?"

दगडूदादाने डोकं खाजवलं. "मला हंगामाचा पगार किती, ठाऊक आहे का तुला?"

"किती?"

"दोन पायल्या."

"मग तू काय खाशील?"

"मध आहे. करवंदं आहेत." त्याने आवाज खाली आणला. "आणि फुटलेलं वारूळ खायचं नाही, असा नियम नाही. मी विचारून घेतलंय."

तसंच झालं. मोहाची फुलं साहेबांच्या कोठारातून निघाली, ती दगडूदादाकडे आली. दगडूदादाने ती येसूकडे दिली. येसूने ती साहेबांकडे भरली. साहेबांनी ती कोठारात टाकली. येता-जाता थोडी सांडली, ती सांडलेली फुलं उचलण्याची मजुरी वेगळी.

"पाहा," साहेब वाघोबांना म्हणाले, "हे उत्पन्न पूर्वी कुठे होतं?"

वाघोबांनी एक डोळा उघडला आणि "बरं," म्हणाले.

सामन्याच्या दिवशी येसू मानाच्या कट्ट्यावर उभी राहिली. पायांखाली आजीने टाकलेला खडा होता, आईने टाकलेला होता. वर शेवाळ होतं, ते तिला गुळगुळीत लागत होतं. चेंडू डावीकडून आला. ती एकदा ओरडली. दगडूदादाची झेप! चेंडू पोटावर. उजवीकडून आला. दोनदा ओरडली. पुन्हा पोटावर. प्रेक्षक बेभान झाले. बिबट्यांनीही माना वळवून विचारलं, "काय झालं?" दरवेशी वेशीपर्यंत आला होता, तो रिकामी वेसण घेऊन परत गेला.

सामना संपला. दगडूदादा कट्ट्यापाशी येऊन बसला. धूळ झटकली.

"येसू, जिंकलो का गं?"

येसूने माळाकडे पाहिलं. रखमाजी आणि ठकू पुढच्या हंगामाच्या जागेसाठी आत्ताच रांगेत उभे होते.

"जिंकलो, दादा," ती म्हणाली. आणि तिने त्याला अख्खा सामना सांगितला. कोण कसा पळाला, कोण कसा आपटला. रांग तेवढी वगळली.

"आणि मग मी काय केलं?"

"तू? तू झेप घेतलीस. या वेळी चेंडूसुद्धा होता."

दगडूदादा पोट हलवत हसला. एवढ्यात कोल्हेसाहेब तिकडून चालले होते, ते थांबले. येसूकडे त्यांनी पाहिलं. मग वर आभाळाकडे पाहिलं. मग पुन्हा येसूकडे.

"येसूबाई," ते हळूच म्हणाले, "मी असं ऐकलंय की तुम्ही टिटव्या पाय वर करून झोपता. आभाळ म्हणे तुम्हीच तोलून धरता?"

येसूला एकदम आपली अंडी आठवली. अंड्यांवर बसलेला टिटवा आठवला. दिवसाउजेडी त्याचा डोळा लागला असेल आणि पाय वर गेले असतील, तर?

"छे, साहेब!" ती म्हणाली. "लोक काहीही बोलतात. आभाळ आपलं आपणच राहतं. आम्हांला पाठदुखी आहे."

तात्पर्य : लहानातला लहान जीवही मोठ्यांच्या उपयोगी पडतो. फक्त त्याने हंगाम सुरू होण्याआधी पैसे भरलेले असावेत. आणि मुलांनो, तुम्ही कधी आभाळ तोलत असाल, तर तेवढं कोणाला सांगू नका.